साटिनावरचं नाव

ऋ सगळ्यात चिवट निघाला. बाकीची अक्षरं वैजयंतीने तासाभरात उसवली होती. श गेला, के गेला, षि थोडा त्रास देऊन गेला. पण ऋ ठाण मांडून बसला होता. त्यात दोष तिचाच होता. दोन महिन्यांपूर्वी हे नाव भरताना पहिलं अक्षर उठून दिसावं म्हणून तिने दुहेरी दोरा घेतला होता, आणि साखळी टाक्यावर पुन्हा जरीचा काठ फिरवला होता. आता तीच हौस नखं कापायच्या कात्रीने सोडवताना तिच्या मानेत कळ येत होती.

"निंगलं काय वो बाई?" वहिनीने, आवडाबाईने, स्वयंपाकघरातून विचारलं.

"निंगन. जरा दम धरा."

"पंधरा दिवस राह्यले लग्नाले. माह्यं आयकाल तं किरायानं आना. वाशिमले सारं रुखवत भेटते, टेबलासकट. सकाळी मांडून देतात, संध्याकाळी घेऊन जातात. तुमचे डोयेबी वाचतीन."

वैजयंतीने कात्रीचं टोक पुन्हा ऋ मधे घातलं. तीस वर्षांत रिठद गावातल्या आणि नात्यातल्या किती मुलींची रुखवतं तिने केली, त्याची गणती तिच्यापाशी नव्हती. पिस्त्याच्या टरफलांची फुलं, खारकांचे नवरा-नवरी, मण्यांचे पोपट, आइसक्रीमच्या काड्यांचं तुळशीवृंदावन, क्रोशाची तोरणं. लग्नात मुलीकडच्यांनी टेबलावर हे सगळं मांडायचं आणि मुलाकडच्या बायांनी कमरेवर हात ठेवून बघायचं, अशी रीत. एवढ्या परक्या पोरींसाठी बोटं झिजवली, आणि घरच्या सायलीचं रुखवत किरायाने आणायचं, हे तिला पटणारं नव्हतं.

झालं होतं असं. सायली ही रंगरावची, म्हणजे वैजयंतीच्या थोरल्या भावाची, एकुलती एक मुलगी. तिचं लग्न ऋषिकेश नावाच्या मुलाशी ठरलं होतं. कुंकू झालं, म्हणजे साखरपुडा झाला, साड्या झाल्या, रिसोडचं मंगल कार्यालय अकरा एप्रिलला पक्कं झालं, आणि तेवढ्यात ऋषिकेशला सरकारी नोकरीची ऑर्डर आली. ऑर्डर आली तशी त्याच्या घरच्यांची भाषा बदलली. आधी फोन कमी झाले, मग मुहूर्त पुढे ढकलू म्हणाले, शेवटी मध्यस्थाच्या तोंडी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. आठ महिने चांगली जुळत होती.

रंगराव दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी उठला, मळ्यातली वांगी तशीच टाकून बाहेर पडला आणि आठवड्याच्या आत कारंज्याचा मुलगा पाहून आला. प्रज्वल त्याचं नाव. धान्याच्या दुकानात कामाला, वडील नाहीत, आई आणि तो दोघंच. तारीख तीच ठेवली, कार्यालय तेच, आचारी तोच, घोडीसुद्धा तीच. नवरदेव तेवढा बदलला.

कारंजेवाल्यांना रंगरावने सांगितलं की, एके ठिकाणी नुसतं बोलणं चालू होतं, आम्हीच नको म्हटलं. कुंकवाबद्दल तोंडातून अक्षर काढायचं नाही अशी घरात सगळ्यांना ताकीद होती. आणि ताकीद वैजयंतीला जास्त, कारण तिने भलताच घोळ करून ठेवला होता. 'आपला परिवार' नावाचा नात्यातल्या सगळ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. कुणाला मुलगा झाला, कुणाची म्हैस व्याली, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, सगळं त्यावर येई. वैजयंती एरवी त्यावर काही बोलत नसे, पण रुखवताची एकेक वस्तू पुरी झाली की फोटो टाकी. डाळिंबी साटिनाचा पलंगपोसाएवढा पडदा, त्यावर दोन मोर, मधे 'सायली' आणि खाली 'ऋषिकेश', हा फोटो पडला तेव्हा एकेचाळीस अंगठे आले होते. लग्न मोडल्यावर रंगराव म्हणाला, "काढ थो फोटो." तर मोबाईल म्हणाला, आता फक्त तुमच्यापुरता निघेल. एकेचाळीस जणांच्या खिशात तो तसाच राहिला.

सगळ्यांचं म्हणणं होतं की, लग्नाआधी नावं भरायचीच कशाला? पण तिची पद्धतच ती. दोघांची नावं घातल्याशिवाय ती वस्तू पुरी झाली असं मानत नसे. आणि कुंकू झाल्यावर कुणाचं काही मोडेल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

* * *

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत तिने साटीन पिशवीतून नेलं. वैजयंती तिथली सेविका. सकाळी खिचडी, मग वजनं, मग ती वजनं मोबाईलवर भरणं. मोबाईल तिच्यापेक्षाही दमलेला होता. एका मुलाचं वजन घ्यायला दोन मिनिटं आणि भरायला दहा लागत. मुलं गेल्यावर तिने साटीन पायरीवर पसरलं. मदतनीस भुरीबाई बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. साठी जवळ आलेली, हातभर बांगड्या, तोंड कधी बंद नाही.

"बाई, हे भोकं राह्यली की," भुरीबाई वाकून म्हणाली.

राहिली होतीच. साटीन ते साटीन. त्यात सुई एकदा गेली की ते विसरत नाही. दोरा गेला तरी ऋषिकेशचं नाव बारीक बारीक टोचांनी तिथेच होतं. त्याच जागी प्रज्वल भरावं तर कापड इतकं विरविरीत झालेलं की सुई घातली असती तर फाटलंच असतं.

"वल्लं फडकं फिरवा अन् मांगून इस्त्री मारा. मिटते," भुरीबाईने सांगितलं. मग हसून म्हणाली, "कपड्यावर मानसाचं नाव कायले लिवता वो तुमी? आमच्यात बाया काच लावतात. काचीत दिसन थो आपला. झगडाच नाई."

वैजयंतीलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

संध्याकाळी तिने ओलं फडकं फिरवलं, इस्त्री मारली. भोकं मिटली. समोरून, बाजूने, डोळ्यांपाशी नेऊन पाहिलं. काही दिसत नव्हतं. मग तिने सायलीच्या नावाखाली वीतभर जागा कोरी सोडली आणि त्याखाली प्रज्वल भरायला घेतलं. एवढी जागा रिकामी का, असं वहिनीने विचारलं तेव्हा म्हणाली, "आता अशीच फॅशन हाये."

सायली ओसरीवर तिच्याजवळ येऊन बसे. बोलत नसे. उसवलेल्या जरीचे तुकडे खाली पडलेले असत, ते गोळा करून बोटाला गुंडाळत राही. आठ महिने फोन कानाला लावून ही मुलगी गच्चीवर फिरत होती; आता फोन कुठे पडला आहे याचा तिला पत्ता नसे. तिला वाढवली वैजयंतीनेच. आवडाबाई मळ्यात, भाजी घेऊन बाजारात. पोर आत्याच्या मांडीवर.

"तुले पसंत हाये ना वं पोरगा?" वैजयंतीने एकदा विचारलं.

"बरा हाये," सायली म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आत्या, तुह्याबी लग्नातलं असं कापड होतं ना?"

"हाये ना. पेटीत."

"नाव हाये त्याच्यावर? दोघायचं?"

"हाये."

"अन् तू उसवलं नाई?"

वैजयंतीने सुई थांबवली. एकविसाव्या वर्षी मालेगावला दिलं होतं तिला. दोन वर्षांत नवऱ्याने दुसरी आणली, आणि वैजयंती एक पेटी घेऊन भावाच्या घरी आली. पेटीत मांजरपाटाचा एक रुमाल होता, लाल दोऱ्याने भरलेला. वैजयंती, खाली जगदेव. ते नाव ती तोंडाने कधी घेत नसे. पण पेटीत ते सुखाने राहत होतं.

"मले कोनी सांगतलंच नाई, उसव म्हनून," ती म्हणाली.

सायली बराच वेळ बोटाभोवतीची जर पाहत राहिली. मग उठताना म्हणाली, "लग्नात माह्या मांगं दिवा तूच धरजो."

नवरीच्या मागे दिवा घेऊन उभं राहणं हे करवलीचं काम, आणि करवली कशी, भरल्या घरची. नवऱ्याने टाकलेल्या बाईला कुणी तिथे उभं करत नाही. तीस वर्षांत केलेल्या सगळ्या रुखवतांच्या लग्नांत वैजयंती खांबाजवळ उभी राहून अक्षता टाकत आली होती. आवडाबाईने कुरकुर केली. सायली म्हणाली, "दिवा आत्या धरन, नाई तं मी उभीच राहत नाई." एवढं एकच वाक्य त्या पंधरा दिवसांत ती जोरात बोलली.

वैजयंतीने त्या दिवशी पेटीतून जांभळी पैठणी काढून उन्हात टाकली. सायलीच्या दहावीच्या वेळी घेतली होती आणि नेसायला प्रसंगच आला नव्हता.

* * *

लग्नपत्रिकेत मुहूर्त अकरा बेचाळीसचा होता. पत्रिकेत काहीतरी छापावं लागतं.

सकाळी आठ वाजता वैजयंती आणि भुरीबाईने कार्यालयात रुखवत मांडलं. लांब टेबल, त्यावर सगळ्या वस्तू, आणि मागे बांबूच्या चौकटीवर डाळिंबी पडदा. मंडपवाल्या पोरांनी तो चारी बाजूंनी खिळे मारून ताणून दिला. कार्यालय म्हणजे मोठं टिनाचं शेड. पश्चिमेची बाजू उघडी, तिला नुसती लोखंडी जाळी. टेबल त्याच बाजूला लागलं होतं. सकाळच्या सावलीत पडदा नुसता तुकतुकत होता. वैजयंती दहा पावलं मागे गेली, पाहिलं, आणि आयुष्यात एवढं चांगलं काम आपल्या हातून पुन्हा होणार नाही असं तिला वाटलं.

वरात एक वाजता गावात आली. मारुतीच्या देवळापासून कार्यालयापर्यंत पाच मिनिटांचा रस्ता. नवरदेवाच्या मित्रांनी तो डीजेपुढे नाचत अडीच तासांत पुरा केला. घोडी ताटकळली, भटजी दोनदा चहा प्याले, सायली आतल्या खोलीत शालू नेसून घामाने भिजली. आणि या सगळ्यात सूर्य कुणासाठी थांबला नाही. साडेतीनला तो टिनाच्या कडेखाली उतरला आणि जाळीतून थेट पडद्याच्या पाठीवर आला.

वैजयंती त्या वेळी दिव्यात तेल घालून येत होती. दिवा दोन्ही हातांत, पदर डोक्यावर. लांबूनच तिची नजर पडद्यावर गेली.

'सायली' आणि 'प्रज्वल' या दोन नावांच्या मधे, त्या कोऱ्या वीतभर जागेत, उजेडाच्या टिपक्यांनी तिसरं नाव उमटलं होतं. ऋषिकेश. एकेक टाका मोजून घ्यावा इतकं स्वच्छ. ऋ सगळ्यात ठळक. दुहेरी दोऱ्याची भोकंही दुहेरी.

दारात फटाक्यांची माळ वाजत होती. कारंज्याच्या बाया आत शिरल्या होत्या आणि बाया आत शिरल्या की आधी रुखवताकडेच जातात. वैजयंतीने दिवा जवळच्या खुर्चीवर ठेवला, टेबलाला वळसा घालून टेबल आणि पडद्याच्या मधे शिरली आणि क्रोशाचं तोरण काढून त्या जागेवर धरलं. क्रोशाला भोकांशिवाय असतं काय. नाव आणखीच लकाकलं. तिने तोरण टाकलं आणि पडद्याला पाठ लावून उभी राहिली. नाव तिच्या खांद्यांच्या उंचीवर होतं. दोन्ही खांदे ताणून तिने पदर पसरला. कुणाला हाक मारावी, शाल मागावी, तर कशाला ते सांगावं लागलं असतं. आणि रंगरावला सांगावं तर तो इथेच ओरडला असता.

"कोनी केलं वं हे सारं?" नवरदेवाची आई, चतुराबाई, टेबलापाशी आली. काळीसावळी, थकलेली बाई, नाकात चमकी. खारकेच्या नवरीला तिने बोटाने हळूच हात लावला.

"मीच केलं, विहीनबाई. मी पोरीची आत्या."

"लय नामी हात हाये बाप्पा तुमचा." तिची नजर पडद्यावर गेली. "अन् हे मोरं? सरा बरं जराशा. मांगून पाहू द्या. मलेबी भरतकामाचा लय सोस. टाका मांगून पाहावा लागते."

"मांगून नका पाहू," वैजयंती म्हणाली. "मांगं साऱ्या गाठीच हायेत."

चतुराबाई हसली. "कोनाच्या मांगं गाठी नाई वो बाई," म्हणाली आणि पिस्त्याच्या फुलांकडे वळली.

तेवढ्यात रंगराव घाईने आला. फेट्याचा शेमला गळ्यात, आवाज बसलेला. "वैजू, चाल न वं! पोरगी उभी हाये पाटावर, भटजी बोंबलून राह्यले. दिवा कुठं हाये?"

"तू हो पुढं, दादा."

"तुले पाहून राह्यली न थे!"

"माह्याच्यानं नाई होत," वैजयंती म्हणाली. "पाय दुखतात. दिवा थो खुर्चीवर हाये. दुसऱ्या कोनाच्या हाती दे."

 रंगराव दिवा उचलून तरातरा गेला. आवडाबाईच्या बहिणीने तो धरला. वैजयंतीला गर्दीच्या डोक्यांवरून फक्त मुंडावळ्या दिसत होत्या. एकदा त्या मुंडावळ्या मागे वळल्या. सायलीने दिव्यामागचा चेहरा पाहिला, आणि पुन्हा पुढे वळली. बस, तेवढंच. पण वैजयंतीला ते इतकं लागलं की, जावं धावत, काय व्हायचं ते होऊ दे, असं तिला एक क्षण वाटलं. ती गेली नाही. पाठीवर साटिनातून ऊन भाजत होतं. मंगलाष्टकं सुरू झाली. मुठीतल्या अक्षता तिने तिथूनच फेकल्या. मंडपापर्यंत कुठल्या पोहोचतात. टेबलावर पडल्या, तुळशीवृंदावनावर, खारकांच्या नवरा-नवरीवर.

लग्न लागलं. जेवणाच्या पंगती सुरू झाल्या. भुरीबाईने पाण्याचा पेला आणून दिला आणि विचारलं, "बसत काहून नाई वो?" वैजयंतीने पाणी पिऊन पेला तिच्या हातात परत दिला. पैठणी पाठीला चिकटली होती, टाचा बधिर झाल्या होत्या. ऊन जाळीच्या खालच्या पट्टीपासून अजून दोन हात वर होतं. ते उतरलं की सुटलो, असा हिशेब ती लावत होती.

ऊन उतरायच्या आत फोटोवाला आला. दिनेश नावाचा रिसोडचाच मुलगा, गळ्यात दोन कॅमेरे. मागे नवरा-नवरी आणि त्यांच्यामागे सगळं वऱ्हाड.

"मावशी, बाजूले व्हा. रुखवतापुढं जोडीचा फोटो पाहिजे. मांगं नावं आली पाहिजेत."

वैजयंती हलली नाही.

"मावशी, उजेड जाऊन राह्यला!"

"वैजू!" रंगरावचा आवाज चढला. "दिवा धराले पाय दुखत होते, अन् इथं दोन घंट्यापासून उभी हायेस. काय लावलं काय हे? सर तिकडं!"

शंभरभर माणसं बघत होती. वैजयंतीला दुसरं काही सुचलं नाही. ती म्हणाली, "मले फोटोत यायचं हाये."

हशा पिकला. आवडाबाईने कपाळाला हात लावला. "बाप्पा! या वयात कुठची फोटोची हौस आली वो बाई?"

जन्मात वैजयंतीने कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे. तिचे कान तापले. तिने खाली मान घातली, पण पाय उचलला नाही.

सायली टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ आली. डोळे रागाने भरलेले. "आत्या, तुले दिवा नाई धरायचा होता तं आधीच सांगाचं होतं. मी काय..." असं म्हणत तिने आत्याचा दंड धरला, आणि थांबली. तिच्या मेंदीच्या हातावर उजेडाचे चार-पाच टिपके पडले होते. तिने हात हलवला, टिपके हातावरून सरकले. मग तिने आत्याच्या खांद्यामागे पाहिलं.

वैजयंतीने इतक्या हळू आवाजात सांगितलं की ओठच हलले. "ऊन आलं बाई. सकाळी नोतं."

सायलीच्या चेहऱ्यावरचा राग गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते बघवेना म्हणून वैजयंतीने नजर काढून घेतली. सायली वळली आणि मोठ्याने म्हणाली, "आत्या फोटोत पाहिजे. मधातच राहीन थे."

"मधात?" फोटोवाला म्हणाला. "जोडीच्या मधात?"

"हो."

प्रज्वल दुसऱ्या बाजूने येऊन उभा राहिला. साधा, घामेजलेला मुलगा; फेटा एका कानावर कललेला. त्याने वैजयंतीकडे पाहिलं नाही, समोर कॅमेऱ्याकडेच पाहत राहिला, आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "आत्या, जराशा माह्याकडं सरा. श दिसून राह्यला."

वैजयंती सरली. फोटो निघाला.

* * *

पाठवणीच्या वेळी ऊन कधीच उतरलं होतं. टेम्पोत रुखवताची खोकी चढत होती. सायलीने पडद्याचे खिळे स्वतः काढून घेतले, चौघडी केली आणि आत्याच्या हातात दिली.

"हे तुह्यापाशी ठेव. बाकी सारं नेतो मी."

"पोराले..." वैजयंतीला प्रज्वलबद्दल विचारायचं होतं, जमलं नाही.

"त्याले मी पैल्याच दिवशी सांगतलं होतं," सायली म्हणाली. "सारंच. बाबाले मालूम नाई." मग ती आत्याच्या गळ्यात पडली आणि लहानपणी रडायची तशी, तोंड खांद्यात खुपसून, रडली. गाडीचा हॉर्न वाजत राहिला.

ज्याच्यापासून नाव लपवायला ती दोन तास उन्हात उभी होती, त्याला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. दिवा धरणं उगाच हुकलं म्हणावं, तर त्याच्या आईला ठाऊक नव्हतं, कारंज्याहून आलेल्या माणसांना नव्हतं. घरी येईपर्यंत एसटीत वैजयंतीने हे दोन्हीकडून तोलून पाहिलं आणि मग डोळे मिटून घेतले. ती फार दमली होती.

सोमवारी अंगणवाडी भरली. ग्रुपवर फोटो आला होता: डाळिंबी पडदा, दोन मोर, नवरा, नवरी आणि मधे जांभळ्या पैठणीतली वैजयंती, खांदे ताणून, पोलिसासारखी उभी. त्रेपन्न अंगठे होते. कुणीतरी लिहिलं होतं, आत्या मस्त दिसतात. तिने फोटो मोठा करून पाहिला. श कुठेच दिसत नव्हता.

दुपारी घरी येऊन तिने पडदा ठेवायला पेटी उघडली. तळाशी मांजरपाटाचा रुमाल होता. तो तिने काढला, ओसरीत बसून मांडीवर पसरला आणि नखं कापायची कात्री घेतली. तयारी तिने दिवसभराची ठेवली होती. पण 'जगदेव'च्या ज ला कात्रीचं टोक लावलं आणि दोरा आपणच तुटला. तीस वर्षांत कुजून गेला होता. नुसत्या नखाने ओढला तरी निघत होता; ग आणि दे तर फुंकरीने उडाले. तीस वर्षं जपलेलं पाच मिनिटांत संपलं, याचं वाईट वाटतंय की बरं वाटतंय, हे तिचं तिलाच कळेना.

सुती कापड होतं. ओल्या हाताने चोळलं तशी भोकं मिटली. तरी आता तिचा भरवसा राहिला नव्हता. ती उठली, पश्चिमेच्या खिडकीशी गेली आणि रुमाल उन्हासमोर दोन्ही हातांनी ताणून धरला. तिने बराच वेळ निरखून पाहिलं. वर तिचं नाव होतं. खाली काही नव्हतं.

मग तिने दोन्ही कापडं घडी करून पेटीत ठेवली, आणि मुलांची वजनं भरायची राहिली होती म्हणून मोबाईल चार्जिंगला लावला.